शर्यतीची पहिली बिनतारी मोटार

मुलांचे हट्ट प्रत्येक पिढीबरोबर बदलत असतात. आजोबांच्या लहानपणीं भोंवऱ्याचा हट्ट असे, वडिलांच्या वेळीं तो सायकलीचा झाला, आणि आज अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या कित्येक घरांत तो रेडिओवर चालणाऱ्या मोटारीचा आहे. भोंवरा घेऊन देतांना घरांतील कर्त्या मनुष्यास फारसा विचार करावा लागत नसे. या मोटारीची किंमत ऐकली म्हणजे मात्र तो खुर्चीवर सावरून बसतो. त्यांतून “मला ती दिवाणखान्यांत फिरवावयाची नाहीं, शर्यतींत उतरवावयाची आहे,” असें चिरंजीवांनीं किंवा कन्यकेनें सांगितलें, कीं जेवणाच्या वेळीं तोच विषय सुरू होतो. आजोबा म्हणतात, खेळण्यावर एवढे पैसे कसले घालवितां? काका म्हणतात, घ्यावयाचीच तर चांगली वेगवान घेऊं. आणि आई एवढेंच विचारते कीं, हिच्या बॅटरीनें घराला आग तर लागत नाहीं ना? या तिघांपैकीं आजोबांचें म्हणणें निम्में खरें, आईची शंका पूर्ण खरी आणि काकांचें म्हणणें साफ चुकीचें आहे, असें आमचें मत आहे.

आजोबांच्या आक्षेपापासूनच आरंभ करूं. बाजारांत ‘रिमोटची गाडी’ या एकाच नांवाखालीं दोन अगदीं भिन्न वस्तु विकल्या जातात. एक खेळणें, दुसरें यंत्र. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या दुकानांत (मंडईस महात्मा जोतिबा फुले यांचें नांव देऊन पुष्कळ वर्षें झालीं, तरी मुंबईकरांच्या जिभेवरून जुनें नांव उतरलेलें नाहीं) किंवा एखाद्या मॉलच्या चकचकीत कपाटांत जी गाडी दिसते, ती बहुधा पहिल्या प्रकारची असते. तिच्या पोटांत विजेची एकच पाटी. सर्व कांहीं तिलाच डकविलेलें. एक भाग बिघडला कीं सारी गाडी माळ्यावर जाते. अशा वस्तूवर हजारों रुपये खर्च करणें हा अपव्ययच होय, आणि येथवर आजोबांशीं कोणीं वाद घालूं नये.

दुसऱ्या प्रकारची गाडी ओळखण्याची खूण सोपी आहे. दुकानदारास गाडी चालू करावयास सांगावें आणि हातांतील यंत्राचें चक्र अगदीं थोडेंसें फिरवावें. गाडीचीं पुढचीं चाकेंहि थोडींच वळलीं तर ती आपल्या कामाची. तीं खटकन् एका बाजूस पूर्ण वळलीं, तर तें खेळणें समजावें व दुकानदारास नमस्कार करून बाहेर पडावें. या फरकामागील युक्ति मोठी मौजेची आहे. गाडींतील रिसीव्हर चाकें वळविणाऱ्या सर्व्हो नांवाच्या लहानशा डबीला सेकंदास सुमारें ५० वेळां विजेचा एक ठोका पाठवीत असतो. हा ठोका दीड सहस्रांश सेकंद टिकला तर चाकें सरळ राहतात. एक सहस्रांश टिकला तर तीं एका बाजूस पूर्ण वळतात, दोन टिकला तर दुसऱ्या बाजूस. आणि मधल्या प्रत्येक लांबीला मधलें एक वळण ठरलेलें असतें. वेगाचा ताबाहि याच रीतीनें चालतो. गाडी बोटाच्या सूक्ष्म हालचालीस उत्तर देते ती यामुळें, व शर्यत शक्य होते तीहि यामुळेंच.

तारेवांचून वाहन हांकण्याची कल्पना तशी जुनी आहे. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक लहानशी नौका अशीच चालवून दाखविली होती. मोटारी मात्र फार उशिरां आल्या. इटालींतील एल-गी या कंपनीनें १९६६ सालीं फेरारीची बिनतारी प्रतिकृति विक्रीस काढली. पुढें जपानच्या शिझुओका शहरांतील तामिया कंपनीनें १९७६ सालीं पोर्श ९३४ ची प्रतिकृति काढली, आणि तेथपासून या छंदाचा खरा प्रसार झाला. ही कंपनी १९४६ सालीं निघाली तेव्हां लांकडाचा व्यापार करीत होती. या पोर्शच्या प्रतिकृतीसाठीं कंपनीच्या माणसांनीं एक खरीखुरी पोर्श मोटार विकत घेऊन तिचे भाग सुटे केले होते, असें सांगतात! असल्या परंपरेंतून आलेली गाडी खिळ्या-स्क्रूंनीं जोडलेली असते व तिचा प्रत्येक भाग सुटा विकत मिळतो. दहा वर्षें दुरुस्त करून वापरतां येणाऱ्या वस्तूस खेळणें म्हणणें अन्यायाचें आहे. म्हणूनच आजोबांचें म्हणणें आम्ही निम्मेंच खरें मानलें.

आतां काकांकडे वळूं, कारण पैसा बहुधा त्यांच्याच उत्साहानें वायां जातो. दुकानांतील खोक्यावर मोठ्या आंकड्यांत वेग छापलेला असतो, आणि पुरुष मंडळींची दृष्टि प्रथम तेथेंच जाते. थोडें गणित करून पाहूं. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत आठ मीटरांहून अधिक अंतर तोडते. वीस मीटरांचा सरळ मार्ग ती अडीच सेकंदांच्या आंत संपविते. ताशीं ६० च्या गाडीला तोच मार्ग सव्वा सेकंदहि पुरत नाहीं. डोळ्यानें पाहून बोट हलेपर्यंत नवशिक्यास पाव सेकंद तरी लागतोच. तेवढ्यांत पहिली गाडी दोन मीटर पुढें गेलेली असते आणि दुसरी चार मीटर. गाडीची रुंदी सुमारें १९ सेंटिमीटर, मार्ग चारसहा हात रुंद; मग चार मीटरांची चूक कोठें सामावणार? ती कठड्यांतच सामावते.

शिवाय या खेळांत एक अडचण अशी आहे कीं, तिचा विचार पाहणाऱ्याच्या स्वप्नांतहि येत नाहीं. चालक गाडींत बसलेला नसतो. तो एका बाजूस उंचवट्यावर उभा असतो. गाडी त्याच्यापासून दूर जात असतांना उजवें तें उजवेंच असतें. पण वळण घेऊन ती त्याच्याकडे येऊं लागली, कीं तिचें उजवें तें याचें डावें होतें. पहिले आठदहा दिवस प्रत्येक मुलाची गाडी याच एका ठिकाणीं आपटते. हा उलटफेर मेंदूच्या अंगवळणीं पडावयाचा तर गाडी संथच हवी. ज्या गाडीचा वेग ताशीं २५-३० आहे तीच पहिल्या वर्षाची गाडी, असें आम्ही निक्षून सांगतों.

वेगवान तोच जिंकतो हीहि समजूत खरी नव्हे. विजेच्या मोटारींची शर्यत बहुधा पांच मिनिटांची असते आणि त्या वेळांत कोणाचे फेरे अधिक झाले तें पाहिलें जातें. एका मुलीनें दर फेरा १५ सेकंदांत पण कोठेंहि न आपटतां पुरा केला, तर तिचे २० फेरे होतात. दुसऱ्यानें फेरा १३ सेकंदांत काढला, पण चार वेळां गाडी उलटवून प्रत्येक वेळीं १२ सेकंद घालविले, तर त्याच्या हातीं २५२ सेकंदच उरतात व त्याचे १९ फेरेच पुरे होतात. हें गणित काकांनीं कागदावर स्वतः करून पाहावें.

मुलुंडच्या एका घरांतील हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. घर मोठें, दोन भाऊ एकत्र, मुलें चार. थोरल्या मुलाच्या चौदाव्या वाढदिवशीं धाकट्या काकांनीं एका दुकानांतून भारी किंमतीची, ताशीं ६० वर जाणारी गाडी आणली. पहिल्या रविवारीं सोसायटीच्या आवारांत ती पाहावयास सारी मंडळी गच्चीवर जमली होती. दुसऱ्या रविवारीं ती जिन्याच्या पायरीवर आदळली व पुढच्या चाकाची दांडी, जिला खेळाडू आर्म म्हणतात, ती मोडली. एवढासा प्लास्टिकचा तुकडा! पण तो दुकानांत नव्हता, मागवूनहि आला नाहीं, आणि त्या कंपनीनें तो नमुना काढणेंच बंद केल्याचें पुढें कळलें. गाडी दोन वर्षें माळ्यावर पडून आहे. वाईट वाटतें तें पैशाचें नव्हे. त्या मुलानें पुन्हां कशाचाहि हट्ट धरला नाहीं, आणि घरांत त्याचें नांव ‘मोडतोड्या’ पडलें. दोष त्याचा नव्हताच. शिकाऊ हातांत गाडी मोडावयाचीच. त्याच घरांतील धाकट्या चुलत बहिणीला मागल्या वर्षीं साधी, संथ, जुळणीची गाडी मिळाली. तिचा आर्म आतांपर्यंत तीन वेळां मोडला आणि तीनहि वेळां तिनें तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून स्वतः बदलला. तिसऱ्या वेळीं स्क्रूड्रायव्हर हातांत देण्यास शेजारीं तो थोरला भाऊ बसला होता.

म्हणून दुकानांत गेल्यावर गाडी मागूं नये. आधीं तिचा पुढचा आर्म, मोठें दांतेरी चाक आणि सर्व्हो सेव्हर हे तीन भाग मागावे. (सर्व्हो सेव्हर म्हणजे धक्का बसला असतां सर्व्होचे दांते वांचविणारा स्प्रिंगचा जोड.) हे तीन भाग दुकानदारानें फळीवरून काढून हातांत ठेवले, तर मग गाडी पाहावी. “मागवून देऊं” हें उत्तर पुरेसें नाहीं. विदेशी मालाचे भाव एका रात्रींत कसे फिरतात हें आपण पाहिलेंच आहे. खेळण्यांवरील आयात जकात २०२० सालीं २० टक्क्यांवरून ६० वर गेली व २०२३ सालीं ७० वर. तेव्हां ज्या गाडीचे भाग येथें आहेत तीच खरी स्वस्त गाडी.

कांहीं भाग तर आपल्या शहरांतच मिळतात. तामियाच्या टी. टी. ०२ या नवशिक्यांच्या प्रसिद्ध गाडीच्या चाकांत मुळांत बहुतेक प्लास्टिकच्या बुशी येतात; त्या काढून त्यांच्या जागीं ५ × ११ × ४ मिलिमीटर मापाचीं छऱ्यांचीं बेअरिंग बसविलीं कीं गाडी हलकी धांवते व मोटर कमी तापते. घाटकोपर-मुलुंडकरांनीं मध्य रेल्वेनें मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर जावें. बेअरिंग, स्क्रू आणि बारीक पान्यांची ती जुनी पेठ आहे. मुलास बरोबर न्यावें. मिलिमीटर म्हणजे काय तें शाळेंतल्या पट्टीपेक्षां तेथें अधिक चांगलें कळतें.

गाडीच्या जातीविषयीं आमचें मत थोडक्यांत असें आहे. खऱ्या मोटारीच्या एकदशांश मापाची, चारीहि चाकांना शक्ति मिळणारी, विजेवर चालणारी, डांबरी किंवा सिमेंटच्या मार्गावरची ‘टूरिंग’ जातीची गाडी नवशिक्यास सर्वांत सोयीची. दोनच चाकांना शक्ति देणारी गाडी वळणावर शेपूट फिरविते. इंधनावर चालणाऱ्या लहान इंजिनांच्या गाड्यांचा आवाज व धूर सोसायटीचे सेक्रेटरी एक दिवसहि सहन करणार नाहींत. मोटर आरंभीं साधी, कार्बन ब्रशांची असावी. ब्रशांवांचून चालणारी अधिक टिकते खरी, पण तिचा वेग आवरण्यासारखा नसतो. तयार गाडी घ्यावी कीं सुट्या भागांची पेटी, हा प्रश्न मुलाच्या स्वभावावर सोडावा. आमचा कौल पेटीला आहे, कारण जी गाडी स्वतः जोडली ती मोडल्यावर उघडण्याची भीति वाटत नाहीं. गाडी जोडतांना मोटरवरचें लहान दांतेरी चाक व मोठें दांतेरी चाक यांच्यामध्यें कागदाची एक पट्टी धरून तीं जुळवावीं आणि मग पट्टी काढून घ्यावी. दांत्यांमध्यें जेवढी फट हवी तेवढीच राहते. मोटरवरचें चाक कमी दांत्यांचें लावलें कीं वेग उतरतो, ही गोष्ट काकांच्या नकळत करण्याजोगी आहे.

परंतु या सर्वांच्या आधीं, गाडी धांवणार कोठें व कोणाबरोबर, याचा शोध केला पाहिजे. शर्यत एकट्याची होत नाहीं, आणि भिन्न जातींच्या गाड्यांत ती रंगत नाहीं. आपल्या भागांतील जीं पांचसात मुलें ज्या मापाची व ज्या मोटरची गाडी चालवितात, तीच आपण घ्यावी, मग ती आमच्या वरच्या मताविरुद्ध असली तरी चालेल. भाग उसने मिळतात, सल्ला फुकट मिळतो, आणि हारजीत हाताच्या कौशल्यावर ठरते, पाकिटावर नव्हे. उपनगरांत जागेची टंचाई कोणास सांगावयास हवी? दोन बॅडमिंटन कोर्टांएवढी सपाट जागा मिळाली तर जुन्या पाण्याच्या नळीनें वळणें आंखून रविवारच्या सकाळपुरता उत्तम मार्ग तयार होतो. मात्र सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि लहान मुलें व वृद्ध फिरावयास येण्याच्या आधीं आटोपावें. पवईच्या आय. आय. टी. मध्यें १९९८ पासून भरणाऱ्या ‘टेकफेस्ट’ या विद्यार्थ्यांच्या उत्सवांत रेडिओच्या मोटारींच्या शर्यती झालेल्या आहेत. तसा योग आला तर गाडी घेण्यापूर्वीं मुलास एकदां अवश्य न्यावें. मेट्रोनें २०१४ पासून अंधेरी व घाटकोपर जोडल्यावर पूर्वेकडच्या व पश्चिमेकडच्या मुलांना एकमेकांच्या शर्यतीस जाणें पूर्वींसारखें कठीण राहिलेलें नाहीं. एके काळीं एकाच लहरीवरच्या दोन गाड्या एकत्र चालवितां येत नसत. आज बहुतेक हातयंत्रें २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत आपापली वाट शोधतात, आणि आपल्या देशांत त्या पट्ट्यास २००५ पासून वेगळ्या परवान्याची गरज नाहीं.

आतां आईची शंका. तिच्याकडे दुर्लक्ष करणारा दुकानदार भेटला तर त्याच्याकडून कांहींच घेऊं नये. या गाड्यांत दोन प्रकारच्या बॅटऱ्या वापरतात. पहिली निकेल-मेटल हायड्राइडची. हिच्यांत सहा घट असून दाब ७.२ व्होल्ट असतो. ती जड, थोडी मंद, आणि बरीच सोशिक. दुसरी लिथियम-पॉलिमरची, जिला मुलें ‘लायपो’ म्हणतात. ती हलकी व जोरकस. दोन घटांची असली तर ७.४ व्होल्टांची, आणि पूर्ण भरल्यावर ८.४ ची. ती भोंकली, चेमटली, किंवा मर्यादेबाहेर भरली, तर पेट घेऊं शकते. एकत्र कुटुंबांत, जेथें एका खोलींत आजी झोपतात व दुसरींत तान्हें मूल, तेथें पहिल्या वर्षीं निकेलचीच बॅटरी असावी हें आमचें ठाम मत आहे. नवशिक्यास तिचा मंदपणा उलट हिताचाच.

लायपो घेतलीच तर तिचे नियम घरांतील वडील मनुष्यानें पाठ करावे, मुलावर सोंपवूं नयेत. प्रत्येक घट ४.२ व्होल्टांपलीकडे भरूं नये व ३ च्या खालीं उतरूं देऊं नये; गाडींतील वेगनियंत्रकांत त्यासाठीं आपोआप थांबण्याची सोय आहे कीं नाहीं हें खरेदीच्याच वेळीं विचारावें. चार्जर दोन्हीं घट समतोल भरणारा असावा. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअरांपेक्षां अधिक प्रवाहानें भरूं नये. धांवून आलेली ऊन बॅटरी निवल्याखेरीज चार्जरला लावूं नये. बरेच दिवस ठेवावयाची तर प्रत्येक घट ३.८ व्होल्टांच्या आसपास ठेवावा. पूर्ण भरून कपाटांत टाकूं नये. भरतांना ती उघड्या फरशीवर, मातीच्या कुंडींत किंवा पत्र्याच्या डब्यांत असावी, आणि कोणी तरी जागें मोठें माणूस समोर असावें. गादीवर, सोफ्याखालीं, देवघरांतल्या समईजवळ, किंवा रात्रीं सर्व झोपल्यावर, हें मुळींच नको. फुगलेली बॅटरी एकदांहि वापरूं नये. तिला घरच्या कचऱ्यांत न टाकतां इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आय. एस. आय. चिन्ह सक्तीचें झालें आहे. शर्यतीच्या गाड्यांच्या खोक्यावर बहुधा ‘१४ वर्षें व पुढें’ असें छापलेलें असतें. तो मजकूर शोभेचा नव्हे; त्याखालच्या वयाचें मूल असेल तर मोठ्या माणसानें त्याच्याबरोबर उभें राहिलेंच पाहिजे.

पैशाचा हिशेब एका वाक्यांत सांगतां येईल: हातीं शंभर रुपये असतील तर गाडीवर साठांपेक्षां अधिक घालूं नयेत. उरलेले चाळीस चांगला चार्जर, दुसरी बॅटरी, टायरांची एक जोडी, दोन आर्म आणि दीड, दोन व अडीच मिलिमीटरांचे षट्कोनी पाने यांत जातात. (तामियाच्या गाड्यांना बहुधा फुलीचे स्क्रू असतात, त्यांना फुलीचाच स्क्रूड्रायव्हर हवा.) साऱ्या शंभरांची गाडी घेणारे लोक पुढच्या महिन्यांत पुन्हां घरांत पैसे मागतात, आणि मग आजोबांचा आवाज चढतो.

पावसाळ्याचे चार महिने मोठी गाडी बाहेर काढूं नये. त्या काळासाठीं, किंवा ज्यांच्या घराशेजारीं मोकळी जागाच नाहीं अशांसाठीं, खऱ्या मोटारीच्या अठ्ठाविसांश मापाच्या लहान गाड्या असतात. जपानच्या क्योशो कंपनीनें १९९९ सालीं काढलेली मिनी-झी ही त्यांतली प्रसिद्ध. तळहाताएवढी गाडी, घरांतल्या घड्याळापेक्षां थोड्या बारीक अशा चार घटांवर चालते, आणि मुलांसाठीं मिळणाऱ्या फोमच्या जोडचटया बैठकींत पसरल्या कीं मार्ग तयार. पडली तरी फरशी फुटत नाहीं. ज्या घरांत निर्णय होतच नसेल, तेथें हिच्यापासून आरंभ करावयास हरकत नाहीं. डाव्या-उजव्याचा उलटफेर हिच्यावरहि तितकाच शिकतां येतो.

शर्यतीच्या दिवसाविषयीं एकच सूचना. आपली फेरी संपली कीं चालकानें घरीं जावयाचें नसतें. पुढच्या फेरींत त्यानें एखाद्या वळणावर उभें राहून इतरांच्या उलटलेल्या गाड्या चटकन् सरळ करून द्यावयाच्या असतात. यास मार्शलचें काम म्हणतात. गाडी उचलतांना चाकें फिरत असतात, म्हणून ती पाठीकडून धरावी. पायांत बूट असावे, चपला नकोत. आणि आपल्या अंगावर येणाऱ्या गाडीपेक्षां उलटलेल्या गाडीकडेच आधीं धांवण्याचा मोह आवरावा. हरल्याच्या रागांत हें काम न करतां निघून जाणारीं मुलें क्वचित् दिसतात. अशांना पुढच्या रविवारीं आर्म मोडल्यावर कोणी पाना उसना देत नाहीं.